विहिणींचं कांडण

सुंदरम्मा आणि रंभाबाई या दोन विहिणी अडीच वर्षांत एकमेकींशी एक शब्दही थेट बोलल्या नव्हत्या. आता, अबोला होता असंही म्हणता येत नव्हतं. बोलणं भरपूर होतं, फक्त ते मधे बसलेल्या माणसाला उद्देशून असायचं. सुंदरम्मा म्हणायच्या, "ऋतुजा, तुझ्या आईला विचार, चहात साखर किती घालू?" त्यावर हातभर अंतरावर बसलेल्या रंभाबाई म्हणायच्या, "ऋतू, सांग तुज्या सासूला, दोन चमचं." ऋतुजा बिचारी नुसती मान इकडून तिकडे फिरवायची. तिला तोंड उघडावंच लागत नसे.

याचं मूळ शिवानंद आणि ऋतुजाच्या लग्नात होतं. दोघं एकाच बँकेत कामाला. तिथंच जमलं, आणि दोन्ही घरांनी सारख्याच नाखुशीनं होकार दिला. तिथवर सगळं ठीक होतं. करकंबला मुलीच्या दारात मांडव पडला. सुंदरम्मांनी सोलापुराहून स्वतःच्या हातची शेंगदाण्याची चटणी दोन मोठे डबे भरून नेली. पहिल्या पंगतीत ती वाढली गेली. रंभाबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि चारचौघांत म्हणाल्या, "ह्यात तिखाट घालायचं इसरलं का काय?"

सुंदरम्मा ताठ झाल्या. "आमच्यात चटणीला चव असते. नुसता जाळ नसतो."

झालं. तेव्हापासून मधल्या माणसाशिवाय गाडं पुढे सरकलं नाही.

चटणीबद्दल बोललेलं सुंदरम्मांना का लागलं, हे समजायला त्यांचं सोलापुरातल्या शेळगीतलं घर पाहायला हवं. घर बांधताना न्हाणीघराच्या फरश्या कुठल्या बसवायच्या हे ठरायच्या आधी त्यांनी परसदारी काळ्या दगडाचं उखळ पुरून घेतलं होतं. मिक्सरमध्ये दाण्याची भुकटी होते, चटणी होत नाही, असं त्यांचं ठाम मत. उखळात दाणा ठेचला जातो, त्याला तेल सुटतं, लसूण त्यात मुरतो, आणि मुठीत दाबली की तिचा गोळा होतो. पण ते एकटीचं काम नव्हे. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं. शेजारच्या शांतम्मांबरोबर त्या बावीस वर्षं कांडत आल्या होत्या. शांतम्मा गेल्या पावसाळ्यात मुलाकडे हुबळीला कायमच्या राहायला गेल्या, आणि सुंदरम्मांचा जणू एक हातच गेला.

तेवढ्यात नातवाचं, गुंडूचं, जावळ ठरलं. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की दुसऱ्या रविवारी सिद्धेश्वराच्या देवळात जावळ काढायचं आणि घरी जेवण. अडीचशे पानं. कडक भाकरी, शेंगाची पोळी, आणि अर्थातच चटणी.

"बाजारात चांगली मिळते की," सिद्धप्पा म्हणाले. सुंदरम्मांनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. सिद्धप्पा स्कूटर पुसायला निघून गेले. ती त्यांनी तासाभरापूर्वीच पुसली होती.

सुंदरम्मांनी जोडीदारीण शोधायला सुरुवात केली. पलीकडच्या घरातल्या निंगव्वा हौसेनं आल्या, पण त्यांना बोलल्याशिवाय हात चालवता येत नसे, आणि बोलणं रंगात आलं की हात थांबे. मुसळ हवेत धरून त्या विचारायच्या, "मग पुढं काय झालं असेल, सांगा बघू?" ऋतुजानं एकदा मुसळ धरलं, तर घरात गुंडू प्रत्येक ठोक्याला भोकाड पसरू लागला. शेवटी सिद्धप्पा स्वतः उभे राहिले. चौथ्या ठोक्याला दोन्ही मुसळं एकमेकांवर आपटली, दाणे उडाले, आणि त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. मुसळ उखळात तसंच उभं सोडून ते "हॅलो, हां बोला" करत अंगणात गेले. ते परत आले नाहीत.

मग सुंदरम्मा एकट्याच कांडू लागल्या. धप्... आणि बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्.

जावळाच्या चार दिवस आधी, बुधवारी सकाळी, रंभाबाई एसटीनं आल्या. आई येणार म्हणून ऋतुजानं त्या दिवशी बँकेतून रजा घेतली होती. पाय धुतले, पाणी प्यायल्या, नातवाला मांडीवर घेऊन बसल्या. परसातून तो आवाज येत होता. धप्. रंभाबाईंचा हात गुंडूच्या पाठीवर थोपटत होता, तो अडखळला. धप्. त्यांनी कान टवकारले. पुढचा ठोका येईपर्यंत त्यांचा श्वास अडकून राहायचा.

"ऋतू," त्या म्हणाल्या, "एकटीचं कांडान हाय का ह्ये? ऐकवंना की मला."

"शांतम्मा गेल्या ना गं आय. आईंना जोडीच नाही."

रंभाबाईंनी नातू लेकीच्या हातात दिला. नऊवारीचा पदर कमरेला खोचला, परसात गेल्या, आणि भिंतीला टेकवलेलं दुसरं मुसळ न विचारता उचललं. सुंदरम्मांनी त्यांना पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. मुसळ वर नेलं, खाली आणलं. त्याच क्षणी रंभाबाईंचंही खाली आलं.

ठाण्!

"ऋतुजा!" सुंदरम्मा घराच्या दिशेनं ओरडल्या. "तुझ्या आईला सांग, माझं वर गेलं की तिचं खाली!"

"ऋतू! सांग तुज्या सासूला, मी चाळीस वर्सं कांडतीया!"

घरातून ऋतुजानं काहीतरी उत्तर दिलं, पण तोवर आणखी तीन ठोके पडून गेले होते. सुंदरम्मांना निरोप द्यायचा होता की जरा सावकाश. तो स्वयंपाकघरातून फिरून येईपर्यंत उखळातली वेळ निघून जात होती. पाचव्या ठोक्याला पुन्हा ठाण् झालं. दोघींच्याही मनगटांना झिणझिण्या आल्या.

मग सुंदरम्मांनी नाइलाजानं रंभाबाईंकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, तेवढं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या वर सरकायच्या, क्षणभर थांबायच्या, आणि मग खाली यायच्या. खाली येताना रंभाबाईंच्या नाकातून "हुं" असा बारीक आवाज निघायचा. सुंदरम्मांनी त्या "हुं"च्या पाठोपाठ आपलं मुसळ वर नेलं. बसला. दुसरा ठोकाही बसला. धप्, धप्. मधली रिकामी जागा भरली. दहा ठोक्यांनंतर त्यांना बांगड्यांकडे बघायचीही गरज उरली नाही, आणि वीस ठोक्यांनंतर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याही नाकातून "हुं" निघतोय. शांतम्मांबरोबरच्या बावीस वर्षांत असला आवाज त्यांनी कधी काढला नव्हता.

पुढच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या सिद्धप्पांनी मान वर केली. "शांतम्मा आल्या वाटतं!" असं म्हणत ते आनंदानं परसात आले, आणि समोर जे दिसलं ते बघून आल्या पावली मागे सरकले. त्यांनी मुलाला बँकेत फोन लावला.

"शिवा, तुझी आई आणि तुझी सासू. परसात. दोघींच्या हातात मुसळं आहेत."

मग शिवानंद घाबऱ्या आवाजात म्हणाला, "अप्पा, तुम्ही मधे पडा! मी आलोच!"

"अरे नाही, एकाच उखळात..." सिद्धप्पा सांगू लागले, पण फोन बंद झाला होता. शिवानंद अर्ध्या दिवसाची रजा टाकून वीस मिनिटांत घरी पोचला. परसाच्या दारात हेल्मेटसकट उभा राहून त्यानं बघितलं, आणि बराच वेळ त्याला हेल्मेट काढायचं सुचलं नाही.

तिसऱ्या खेपेला सुंदरम्मांचं डावं मनगट दुखू लागलं. दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, तेव्हापासून ते कधीमधी कुरकुरायचं. याबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. आताही बोलल्या नाहीत. तोंडावर सुरकुतीसुद्धा पडू दिली नाही. पण रंभाबाईंचं मुसळ आपोआप हळू झालं. थोडंसंच. आधी जिथं एक श्वास बसायचा तिथं आता दीड बसू लागला. सुंदरम्मांच्या मनगटाला उसंत मिळाली. त्यांनी झटकन वर पाहिलं. रंभाबाई उखळातल्या दाण्यांकडे बघत होत्या, जणू सगळं आपोआप घडतंय.

शांतम्माला एवढं कळायला दहा वर्षं लागली होती, सुंदरम्मांच्या मनात आलं. आणि हिला एक सकाळ. त्यांना बरं वाटलं आणि रागही आला.

चहाच्या वेळी ऋतुजानं दोघींपुढे कप ठेवले. दोघींनी कप उचलला, बशीत ओतला, दोनदा फुंकर मारली आणि घोट घेतला. एकदमच. ऋतुजा फस्सकन हसली. दोघींनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तेही एकदमच. ऋतुजा तोंडात पदर कोंबून आत पळाली.

कुंपणाच्या भिंतीवरून निंगव्वांचं डोकं वर आलं. "सुंदरक्का, पाहुणी कोण? तुमच्या सख्ख्या बहीण का?"

"विहीण!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"काही तरी सांगू नका," निंगव्वा म्हणाल्या. "मला का दिसत नाही?"

सुंदरम्मा आत गेल्या आणि कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. आपण उंच, सडपातळ, कपाळाला विभूती. ती ठेंगणी, भरदार, कपाळभर कुंकू. आपण कन्नडात विचार करतो आणि मराठीत बोलतो. तिची मराठी तर अशी की अर्धे शब्द आपल्याला दोनदा ऐकावे लागतात. बहीण कुठून दिसली या बयेला? दुपारी आडवं पडून त्यांनी मुद्दाम लग्नातला तो प्रसंग आठवून पाहिला. मांडव, पंगत, ती चिमूट, ते वाक्य. सगळं जसंच्या तसं आठवलं. पण जुन्या तिखटासारखी त्याची गत झाली होती. रंग होता, झोंब गेली होती. त्यांनी कूस बदलून पुन्हा एकदा प्रयत्न केला. नाहीच.

दुसऱ्या दिवशी बँकेत जायच्या आधी ऋतुजा गुंडूला डोस द्यायला दवाखान्यात गेली. मधे बोलायला कुणी उरलं नाही. पाचवी खेप उखळात होती.

"लसूण टाकू का," सुंदरम्मा हवेत म्हणाल्या.

"टाका," हवेतून उत्तर आलं.

धप्, धप्. दोघींनीही काही विशेष घडलं असं दाखवलं नाही. पंधरा-वीस ठोके गेले.

"त्या दिशी," रंभाबाई म्हणाल्या, "मला लई पडसं झालं हुतं. चवच लागत न्हवती कशाची. पोरगी जाणार म्हून आठ दिस रडत हुते, नाक चोंदल्यालं. गूळ खाल्ला तरी बी माती लागायची."

सुंदरम्मांचं मुसळ वरच्या वर थबकलं, पण लगेच खाली आलं. ताल चुकू देणं बरं दिसलं नसतं.

"अय्यो, मग तसं सांगायचं की!"

"तुमी इचारलं कुटं? तुमी जाळ काडला."

"मी जाळ काढला! तुम्ही अख्ख्या पंगतीत बोललात!"

"बोलले. चुकलंच माजं." धप्. "पन आता पडसं न्हाय, आन् आता बी सांगते, ह्यात तिखाट कमीच हाय."

सुंदरम्मांना हसू आलं. ते दाबायला त्यांनी जोरात कांडलं. रंभाबाईंचा मोकळा हात तिखटाच्या डब्याकडे गेला. "एक मूठ. जास्त नाही," सुंदरम्मा म्हणाल्या.

"दीड."

"बरं, दीड. साकु, पुरे!"

एकदा तोंडं सुटल्यावर अडीच वर्षांचं साठलेलं बाहेर यायला कितीसा वेळ लागणार? मुसळं चालत राहिली आणि बोलणंही. निंगव्वांची गोष्ट निराळी होती. इथं बोलणं तालावर बसत होतं, एकीचं मुसळ वर गेलं की तिनं बोलायचं, खाली आलं की दुसरीनं. रंभाबाईंनी नवऱ्याच्या, भीमांच्या, गुडघ्याचं दुखणं सांगितलं. थोरला अभिमन्यू लग्नाला कसा तयार होत नाही ते सांगितलं. सुंदरम्मांनी सिद्धप्पांच्या घोरण्याचं सांगितलं. आणि मग रंभाबाई सहज बोलून गेल्या, "दिवाळीत सुनं सुनं वाटलं बगा. म्हनलं, पाडव्याला तरी येतील पोरं. पन ऋतू म्हनली, सासूबाई सोडंनात."

"मी सोडेना?" सुंदरम्मा म्हणाल्या. "मला शिवानंद म्हणाला, करकंबची मंडळी ऐकत नाहीत, चार दिवस तिकडंच राहावं लागणार."

मुसळं थांबली. दोन दिवसांत पहिल्यांदाच, दोन्ही एकाच क्षणी.

"हिकडं आली न्हाईत," रंभाबाई सावकाश म्हणाल्या.

"आणि इकडंही नव्हती."

"मंग ल्हान लेकरू घिऊन गेली कुटं?"

विहिणी एकमेकींना कधीच काही विचारणार नाहीत, या भरवशावर दोघांनी केवढं निवांत राज्य केलं होतं, हे हळूहळू उजेडात येऊ लागलं. गणपतीत करकंबला गेली नाहीत, तेव्हा सुंदरम्मांचं नाव सांगितलं. नागपंचमीला इथं नव्हती, तेव्हा रंभाबाईंचं. मे महिन्यात ऋतुजाच्या "आयची तब्येत" बिघडली होती, तेव्हा रंभाबाई ठणठणीत होत्या आणि लोणचं घालत होत्या.

संध्याकाळी शिवानंद आणि ऋतुजा दोघं बँकेतून घरी आली, तेव्हा सोफ्यावर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. गुंडू मधे. दोघींचे हात सारखेच घडी घातलेले.

"शिवानंद," सुंदरम्मा म्हणाल्या.

"ऋतू," रंभाबाई म्हणाल्या.

"दिवाळीत कुठं होता?" हे मात्र दोघी मिळून.

शिवानंदनं बायकोकडे पाहिलं. ऋतुजानं छताकडे. सिद्धप्पा उठून स्कूटर पुसायला जाऊ लागले. "तुम्ही बसा!" सुंदरम्मा म्हणाल्या आणि ते बसले.

"गोकर्ण," शिवानंद पुटपुटला. "म्हणजे, देवदर्शनच..."

"समुद्र हाय तितं," रंभाबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय."

शिक्षा काय द्यायची यावर फार चर्चा करावी लागली नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, तेवढ्यात ठरलं. शेवटच्या दोन खेपा राहिल्या होत्या, त्या शनिवारी सकाळी या दोघांनी कांडायच्या.

शनिवारी परसदारी मजा बघायला निंगव्वा भिंतीवर कोपर टेकून तयार होत्या. शिवानंद आणि ऋतुजा समोरासमोर उभे राहिले. ठाण्! "माझ्यानंतर!" ऋतुजा म्हणाली. ठाण्! "तूच घाई करतेस!" शिवानंद म्हणाला. "घाई? घरातून निघायला मला रोज कोण उशीर करतं?" दहा मिनिटांत भांडण बँकेतल्या डब्यापासून गोकर्णच्या हॉटेलच्या खोलीपर्यंत जाऊन पोचलं. विहिणी गुंडूला घेऊन ओट्यावर बसल्या होत्या आणि आनंदानं ऐकत होत्या.

"मनगटाकडं बघ रे तिच्या," सुंदरम्मा शेवटी म्हणाल्या. "तोंडाकडं नको. तोंड बघून भांडण होतं."

शिवानंदनं ऋतुजाच्या मनगटाकडे पाहिलं. ऋतुजानं जरा थांबून मुसळ उचललं. एक बसला. एक हुकला. मग तीन सलग बसले, आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं, तसा हातातला जोर गेला आणि परत ठाण् झालं. दोन खेपांना दुपार झाली. चटणी जाडीभरडी झाली होती, पण तेल सुटलं होतं. जेवायला बसल्यावर ऋतुजानं न मागता शिवानंदच्या ताटात लिंबाची फोड ठेवली, आणि त्याच वेळी तो तिच्यासाठी पाणी ओतत होता. हे फक्त त्या दोघींनी पाहिलं.

रविवारी जावळ झालं. अभिमन्यूमामाच्या मांडीवर गुंडूनं देऊळ डोक्यावर घेतलं, आणि बोडका झाल्यावर एकदम शहाण्यासारखा गप्प बसला. घरच्या पंगतीत करकंबच्या हरिबाकाका म्हणाले, तिखट जरा कमी पडलंय. अक्कलकोटच्या काशम्मा म्हणाल्या, "अय्यो, केवढं तिखट!" दोन्ही बाजूंनी तक्रार आली म्हटल्यावर दोघी विहिणींना समाधान वाटलं. डबे रिकामे झाले.

रंभाबाई सोमवारी जाणार होत्या. त्या बुधवारपर्यंत राहिल्या. काम काही नव्हतं. दोघी सकाळी उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला जायच्या, एकाच पिशवीचा एकेक बंद धरून, जरी एका हाताला पेलण्याइतकंच दूध असायचं.

बुधवारी सकाळी रंभाबाईंनी पिशवी भरली. सिद्धप्पा त्यांना स्टँडवर सोडायला निघाले, तर सुंदरम्माही साडी बदलून, हातात वेगळी पिशवी घेऊन दारात उभ्या.

"तुम्ही कुठं?"

"करकंबला. यांच्याकडं ज्वारी हुरड्यात आलीय. त्या म्हणाल्या, चला."

"किती दिवस?"

सुंदरम्मांनी रंभाबाईंकडे पाहिलं. रंभाबाईंनी खांदे जरासे उडवले. "बघू," सुंदरम्मा म्हणाल्या. "फ्रिजमध्ये आमटी आहे. सून आहे. आणि शांत झोपा, पलीकडं कुणी कुरकुर करणार नाही."

स्टँडवर गाडी लागलेली होती. दोघी चढल्या, खिडकीजवळच्या दोन जागा पकडल्या. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?"

"करकंब," रंभाबाई म्हणाल्या. "दोन हाफ."

गाडी सुटली. सुंदरम्मांनी खिडकी ओढून पाहिली. ती अर्ध्यावर अडकली. मग रंभाबाईंनीही हात लावला, "हुं" केलं, आणि खिडकी सरकली.